पासष्ट भागिले अडीच

धनुष्य घेतलं आडगावच्या एका मुलाकडून,
साडेअठरा हजारात, केससकट.
तेजोमय पगार. चाकणला नोकरी लागली.
"आता कुठला वेळ मिळणार, काकू," म्हणाला,
आणि केसची चेन लावून झाल्यावर
पुन्हा एकदा उघडून आत पाहिलं.
काही राहिलं नव्हतं.

सिडकोत जिन्यावर बोडकेबाई भेटल्या. सतार का हो?
हो, म्हटलं. तीन तारांची.

मी अंबडला तपासणीत आहे, एकवीस वर्षं.
हातात व्हर्नियर, पुढ्यात बुशिंगचे क्रेट,
शतांश इकडचा तिकडे झाला की लाल खडू.
मला वाटलं होतं, धनुष्य म्हणजे
यातून सुट्टी.

सायमन साळवे शरणपूरला राहतात.
टर्नर होते. अंगणात त्यांनीच केलेलं प्रेस:
चॅनेलचा तुकडा, आटे पाडलेले दोन रॉड,
टेकायला स्कूटरच्या ट्यूबचं रबर.
आधी त्यांनी दोरीवरून नख फिरवलं, मग मेण.
"रिकामं ओढलंस?"
एकदा.
"सोडलंस?"
नाही, हळूच परत नेलं.
"मग वाचलीस. बाण नसताना सोडलं
की सगळा राग ते स्वतःवरच काढतं."

भिंतीला पाठ लाव. हात पसर.
चुन्यावर पेन्सिलीची एक खूण इथे,
एक तिथे, पार नळाजवळ.
ब्लाऊज सोडला तर माझं माप
कुणी घेतलं नव्हतं कधी.
पासष्ट इंच. भागिले अडीच. सव्वीस.

मुलाचं होतं एकोणतीस.

म्हणजे आठवडाभर घरात आरशासमोर
मी त्याच्या कोपरापर्यंत ओढत होते,
दोरी माझ्या कानामागे,
खांदा वर, मान वाकडी,
आणि मनात: आपल्याला नाही जमायचं हे.

चाकावरचा तुकडा बदलायचा होता.
दोन स्क्रू निघाले, तिसरा हलेना.
तेल टाकलं. चहा झाला. तरी नाही.
उभं आयुष्य पंचवटीच्या पलीकडच्या काठावर काढलं,
धनुष्याला ॲलन की लागते
हे कुणीच सांगितलं नव्हतं.
निघाला शेवटी, किंचाळत.

मग वजन उतरवलं. वरचा बोल्ट दोन फेरे,
खालचाही दोनच, मोठ्याने मोजून.
"डोळे मीट. ओढ. गाल सापडला? आता उघड.
काय दिसतं?"
काळं.
दोरीतलं भोक माझ्या भुवईवर होतं.
त्याच्या डोळ्याच्या जागी.
चार वेळा दोरा सोडला, चार वेळा बांधला,
पाचव्यांदा भोकातून समोरचं जास्वंद दिसलं,
वाटोळं, कुणी कातरून ठेवल्यासारखं.

चौकटीत वर्तमानपत्र ताणलं, मागे चिंध्यांचं पोतं.
वधू पाहिजेचं पान. तीन पावलांवरून.
ओढताना मध्यावर सगळं जड,
थरथर, आता नाही, आता नाही,
आणि अचानक भार निघून जातो.
थांबता येतं. हे मला कुणी आधी
का नाही बोललं.

पहिला बाण उच्चशिक्षित मराठा डॉक्टरातून गेला,
बोटभर डावीकडे फाडत.
"एक केस उजवीकडे घे."
केस म्हणजे किती?
साळवे हसले. मी हसले नाही.
पर्समधून व्हर्नियर काढला, स्वतःचा एक केस उपटला,
सात शतांश. पांढरा.

दहाव्या का अकराव्या बाणाला
कागदात फक्त एक भोक, आणि पिसांच्या तीन चिरा.
लाल खडूची गरज नाही असं.

रात्री तेजोमयचा मेसेज: जमलं का?
मी लिहिलं: सव्वीस.
त्याने अंगठा पाठवला. कळलं नसावं.

बाण अजून त्याचेच आहेत.
कापायचे का विचारलं तर साळवे म्हणाले,
राहू दे, लांब चालतो,
आखूड चालत नाही.
पूर्ण ओढलं तरी तीन इंच
पुढे डोकावत राहतात.